मुकादमाचं कुळ

मुकादम गेला त्याच्या चौथ्या दिवशी लोकांनी त्याच्या बापाचा शोध सुरू केला.

तो जिवंत असताना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. अकरा वर्षं विचारतच होते. लिफ्टमध्ये, जिन्यात, औषधाच्या दुकानासमोर. "कोणत्या जातीचा हो हा?" आपण "कुत्र्याच्या" म्हटलं की माणसं दुखावतात. त्यांना उत्तर नको असतं, स्वतःचं ज्ञान पाजळायचं असतं. पण तेव्हा निदान मुकादम हजर असायचा आणि दोन मिनिटांत कंटाळून पट्टा ओढायचा. तो गेल्यावर या ज्ञानाला बांध घालणारं कुणी उरलं नाही.

दिसायला तो खरंच प्रकरण होता. छाती मोठ्या कुत्र्याची, पाय मधल्या कुत्र्याचे, शेपटी कुणाची ते देवाला ठाऊक. अंगावर वाघासारखे पट्टे, पण फिके, जणू कुणीतरी खोडायला घेतले आणि मध्येच कंटाळून उठून गेलं. खालचा जबडा वरच्याच्या पुढे, त्यामुळे झोपेतसुद्धा चेहरा असा की कुणाचं तरी काम त्याला पसंत पडलेलं नाही. तीन महिन्यांचा असताना आम्ही त्याला बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणला. पहिल्याच आठवड्यात नळ दुरुस्त करणारा माणूस सिंकखाली आडवा झाला, आणि हे पिल्लू त्याच्या डोक्याशी बसून एकटक बघत राहिलं. "बाई, ह्या मुकादमाला आधी उचला, माझा हात थरथरतोय," तो म्हणाला. नाव पडलं ते पडलंच.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर त्यांच्या पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यावर मेण लावून दात बसवते. चेहरा मला कधी दिसत नाही, फक्त जबडा दिसतो. आणि तीस वर्षांनंतर माझं मत असं आहे की माणसाचा तेवढाच भाग बघितलेला बरा. नवरा वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, शिक्के मारायचे, खोटी वजनं जप्त करायची. बाहेर त्याला दुकानदार घाबरतात. घरात त्याच्याइतका मऊ माणूस सापडायचा नाही. मुकादमाचं वजन तो दर महिन्याच्या एक तारखेला करायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. शेवटच्या चार महिन्यांत आकडे उतरत गेले. किडन्या गेल्या होत्या. मुकादमाला पोचवून आलो त्या दिवशी नवरा रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी तो वाचनालयातून कुत्र्यांच्या जातींवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला.

"हे कशाला आता?" मी विचारलं.

"बघतो, कोण कोण होतं त्याच्यात."

"आणि कळलं तर काय करणार आहात?"

"काही नाही. त्याच्याबद्दल एखादी नवी गोष्ट कळेल. आता दुसरं नवं काय कळणार आहे?"

यावर मी पुस्तकाशेजारी चहा ठेवल्याबद्दल त्याच्यावर ओरडले.

रविवारी माणसं भेटायला आली. वरच्या मजल्यावरचे मास्तर, जे निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अजून समोरच्याला उभं करून प्रश्न विचारतात. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, आणि जाऊबाई. सासूबाई तर आमच्याकडेच असतात. सासरे गेले तेव्हा वाटणी अशी झाली की घर थोरल्याला आणि आई धाकट्याला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. थोरल्याच्या घरात म्हणे कुत्र्यांमुळे जागा कमी होती.

भाऊजींचं फरश्यांचं दुकान आहे, पण ती त्यांची ओळख नव्हे. ते श्वानमंडळाचे परीक्षक. प्रदर्शनात कोट घालून मैदानात उभे राहतात आणि कुत्र्यांच्या तोंडात बोटं घालून दात मोजतात. त्यांच्या घरी वीस वर्षांपासून बॉक्सर आहेत, आणि प्रत्येकाचं कुळ सात पिढ्यांपर्यंत कागदावर. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना सांगता येत नाही, ते सोडा.

नवऱ्याने टेबलावर पुस्तक उघडून मुकादमाचे फोटो मांडले आणि सगळे त्यावर तुटून पडले. शोक पाच मिनिटांत आटोपला.

"लॅब्राडोर होता," जाऊबाई म्हणाल्या. "स्वभावावरून कळतं. किती गरीब!" मुकादमाने त्यांची एक चप्पल आणि एक पर्स फाडली होती. पण मेलेला कुत्रा गरीबच असतो.

"तरस होता तो," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"आई, तरस हा कुत्रा नसतो."

"मला नको शिकवूस. माझ्या दोन कवळ्या खाल्ल्या त्याने. कुत्रं कधी दात खातं का?"

हे खरं होतं. दोन्ही कवळ्या मीच बनवल्या होत्या, आणि दुसरी त्याने पहिलीपेक्षा चवीने खाल्ली होती.

मग मास्तरांनी घसा खाकरला. "मला विचाराल तर बॉक्सर. छाती बघा. पट्टे बघा. आणि जबडा! हा जबडा बॉक्सरशिवाय दुसऱ्या कुणाचा?"

भाऊजी हसले. घरात आलेल्या विक्रेत्याला हसावं तसे. "मास्तर, तुम्ही मुलांना भूगोल शिकवलात, तेवढं पुरे. बॉक्सर मी पाळतो. ह्याच्यात बॉक्सरचा केसही नाही."

"मग जबडा?"

"लहानपणी कुणीतरी लाथ घातली असेल. सरकला जबडा. रस्त्यावरच्यांचं असंच असतं." मग ते नवऱ्याकडे वळले. "धाकट्या, पुस्तक परत कर. शंभर टक्के गल्ली होता तो. आत काही नाही."

आता, लाथेने सरकलेला जबडा एका बाजूला जातो. दोन्हीकडून सारखा पुढे येत नाही. हे मी साच्यांवर शंभरदा पाहिलं आहे, त्यावर माझं पोट चालतं. पण भाऊजींच्या भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत आणि माझ्या नखांत प्लास्टर. मी सगळ्यांना नावं ठेवते आहे, म्हणून हेही सांगून टाकते: त्या खोलीत जबड्यातलं कळणारी एकटी मी होते, आणि मी बशीतली बिस्किटं सारखी करत बसले.

नवऱ्याने पुस्तक परत केलं नाही. माझ्या लॅबमधल्या एका मुलीने सांगितलं की केसांवरूनसुद्धा कुळ शोधून देतात, तेव्हा त्याने मुकादमाच्या ब्रशमधले केस पाकिटात घालून एका प्रयोगशाळेकडे धाडले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: केसांना मुळं नसल्याने चाचणी शक्य नाही, शिवाय नमुन्यात माणसाचे केस मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत. नवऱ्याने कागद दोनदा वाचला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"मऊ होता ब्रश," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो काय रोज भांग पाडत होता?"

असं ते प्रकरण विज्ञानापुरतं संपलं. उरलं होतं त्याचं सामान: अर्धी पिशवी खाणं, न उघडलेली औषधं, एक गादी. ते निवाऱ्याला देऊन टाकू म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. तिथल्या बाई गुडघ्यापर्यंत बूट घालून पाण्याच्या नळीने फरशी धूत होत्या. अकरा वर्षांपूर्वी मुकादमाला आमच्या हातात ठेवणाऱ्या याच.

नवऱ्याने लाजत लाजत विचारलं, "तो कुठून आला होता, याची काही नोंद असेल का?"

"जात शोधताय?" बाईंनी नळ बंद केला. "लोक कुत्रा नेतात तेव्हा जात विचारतात, तो मेल्यावर जात विचारतात. मधल्या काळात काय करतात कुणास ठाऊक." तरी त्या आत गेल्या आणि जुनी नोंदवही घेऊन आल्या. पानं चिकटली होती. ती त्यांनी ओल्या बोटाने एकेक करून सोडवली.

"हे बघा. पाच पिल्लं, वय अंदाजे दोन महिने, एका खोक्यात. आणणारा पुरुष, नाव सांगितलं नाही. म्हणाला, रस्त्यावर सापडली. आणि खाली माझा शेरा." त्यांनी बोट ठेवलं. "'नखं कापलेली. जंतांचं औषध दिलेलं.' रस्त्यावरची पिल्लं नखं कापून येत नाहीत. कुणाच्या तरी घरातली होती. मी त्या माणसाला म्हटलं, फोन नंबर दिल्याशिवाय ठेवून घेणार नाही. तर दिला. पुढे केला फोन मी, कुणी उचललाच नाही. पाचांपैकी तीन पिल्लं पंधरा दिवसांत गेली. साथ होती. राहिली दोन, त्यातलं एक तुमचं."

नवरा वहीवर वाकला होता. तो नंबर पुटपुटायला लागला आणि तिसऱ्या आकड्यानंतर वहीकडे न बघताच पुढचे म्हणून गेला. मग सरळ उभा राहिला.

"काय झालं?" मी म्हटलं.

"हा बाबांच्या घरचा नंबर आहे. जुना. लहानपणी बाबांनी आम्हा दोघांकडून पाठ करून घेतला होता." तो थांबला. "हरवलात तर सांगायला."

खोटं बोलायची वेळ आली तरी माणसाच्या तोंडी पाठ असलेलाच आकडा येतो. निवाऱ्याच्या बाईंना आम्ही काही सांगितलं नाही, पण त्यांना सांगायची गरजही नव्हती. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा नळ सोडला.

आम्ही तिथून थेट भाऊजींकडे गेलो. म्हणजे मी जायचं म्हटलं, आणि नवरा मागोमाग आला. भाऊजी अंगणात एका टेबलावर बॉक्सर उभा करून त्याचे कान पुसत होते. भोवती सात फुटांची भिंत, वर काचा लावलेल्या. जाऊबाई चहा घेऊन आल्या.

"दादा," नवरा म्हणाला, "बाईसाहेबला कधी बाहेरची पिल्लं झाली होती का?"

बाईसाहेब ही भाऊजींची सगळ्यात मोठी कमाई. तीन वर्षं ओळीने पहिली आलेली कुत्री. दिवाणखान्यातलं एक अख्खं कपाट तिच्या कपांनी भरलं आहे. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

"बाहेरची म्हणजे?" भाऊजींचा हात कानातच राहिला. "काहीतरी काय विचारतोस?"

"निवाऱ्याच्या वहीत आपला नंबर आहे."

"कुणीही कुणाचाही नंबर लिहील!"

"तेव्हाच सांगत होते मी," जाऊबाई ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, "नंबर कशाला दिलात म्हणून!"

अशी शांतता मी फक्त लॅबमध्ये ऐकली आहे, कुणाचा तरी तयार साचा जमिनीवर पडून फुटतो तेव्हा. भाऊजींनी बायकोकडे असं पाहिलं की तिने ट्रे उचलून परत आत नेला. चहासकट.

मग ते बसले. "मंडळात कळलं असतं तर संपलं असतं सगळं. एकदा अशी बाटली की पुढच्या पिल्लांना कुणी हात लावत नाही. म्हणतात, रक्त बिघडतं."

"बिघडतं का?" मी विचारलं.

"तसं शास्त्र काही नाही. पण लोक मानतात."

"आणि तुम्ही?"

"मी परीक्षक आहे."

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मला वाटतं आजही त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसणार नाही.

"मुकादम त्यातला आहे हे कधी कळलं तुम्हाला?"

"तुम्ही त्याला पहिल्यांदा घेऊन आलात तेव्हाच. कपाळ तिचंच होतं."

"आणि अकरा वर्षं तुम्ही आमच्या घरी येऊन त्याला गल्ली म्हणालात. त्याच्या मरणाला आलात तेव्हाही."

"अर्धी गल्ली होतीच की," भाऊजी म्हणाले.

तेव्हा माझा तोल सुटला. अकरा वर्षांत त्यांनी मुकादमाच्या डोक्यावर एकदाही हात ठेवला नव्हता. तो आपणहून जाऊन त्यांच्या पायाशी बसायचा, आणि हे पाय मागे घ्यायचे. मला वाटायचं, पँटला केस लागतात म्हणून. "पाचांतली तीन पंधरा दिवसांत मेली, भाऊजी. ठाऊक आहे? त्या बाईंनी फोनही केला होता. तुम्ही उचलला नाहीत."

त्यांचा चेहरा खरंच पडला. "मला वाटलं, सगळी कुठे ना कुठे लागली असतील."

"लागली. मातीला."

मी आणखीही बरंच बोलणार होते. तयारी होती माझी. रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. पण नवऱ्याने मला हाताने थांबवलं आणि विचारलं, "दादा, बाप कोण?"

भाऊजी काचा लावलेल्या भिंतीकडे बघत राहिले. "मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा कुत्रा. तीन पायांचा."

"तीन पायांचा?"

"एक पाय गाडीखाली गेला होता. तरी ही भिंत चढून आला. कसा आला, आजपर्यंत कळलं नाही मला. मुद्दाम परगावाहून नर आणवला होता, सात पिढ्यांचा कागद असलेला, तर हिने त्याला चावून हाकलला. आणि ह्या लंगड्याला..." ते थांबले आणि, मी शप्पथ सांगते, किंचित हसले. "शेपटी त्याचीच होती, मुकादमाची."

त्यानंतर जे झालं ते मला बघवेना. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून तासभर गप्पा मारत होते. ती फुग्याला घाबरायची का? हो, टेबलाखाली जायची. हाही जायचा! ती झोपेत पाय झाडायची? मागचा डावा. ह्याचाही डावाच! नवऱ्याचे डोळे मुकादम गेल्यापासून पहिल्यांदा ओले झाले, तेही कुणासमोर, तर ज्याने त्याला खोक्यात घालून सोडलं त्या माणसासमोर. मी पायरीवर बसून दोघांचाही राग राग करत होते. जाऊबाईंनी चहा पुन्हा आणला. मी घेतला नाही.

निघताना भाऊजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात पिल्लं व्हायची आहेत. त्यातलं एक घेऊन जा. कागदपत्रांसकट. भेट समज."

"नको," नवरा म्हणाला. "पण रविवारी घरी ये. आईसमोर आणि मास्तरांसमोर सांग, तो कोण होता ते."

"मास्तरांना कशाला?"

"तू त्यांना हसलास म्हणून."

हे त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. रस्त्यात मी म्हटलं, "एवढंच? त्याला चार शब्द सुनवावेसे नाही वाटले?" तो म्हणाला, "दुकानदाराला आधी बोलू द्यावं लागतं. आपण आधी ओरडलो की तो खरं वजन लपवतो. मग बाप कोण ते कळलं नसतं." पंचवीस वर्षं मी या माणसाला मऊ समजत आले. चूक माझी.

भाऊजी येणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि टेबलाशी उभे राहून त्यांनी सांगितलं की मुकादम निम्मा बॉक्सर होता, बाईसाहेबचा मुलगा, आणि पिल्लं त्यांनीच सोडली होती.

मास्तरांनी या विजयाचं जे केलं ते लिहिण्यासारखं नाही. ते उभे राहिले. "जबडा!" ते म्हणाले. "मी काय म्हणालो होतो? जबडा!" पाच पिल्लं, खोकं, त्यातली मेलेली तीन, हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. आठवडाभरात इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर बातमी गेली, आणि त्यात मुकादम कुठेच नव्हता, फक्त मास्तर होते.

सासूबाई मात्र तिथेच म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच घरचा होता."

"हो, आई."

"आणि जागा नाही म्हणून सोडून आलास."

भाऊजी म्हणाले, "जागेचं नव्हतं गं, आई..."

"तेव्हा माझ्या वेळी तरी जागेचं होतं का?"

उभे असलेले मास्तर खाली बसले. जाऊबाई पदराचं टोक बघत बसल्या. सासूबाईंनी बशीतलं बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि शांतपणे खाल्लं. नव्या कवळीने, जी व्यवस्थित बसली आहे.

भाऊजी परीक्षक आहेत ते आहेतच. मंडळाला कुणी काही कळवलं नाही, आणि कळवलं असतं तरी तिथे सगळ्यांच्याच भिंतींवरून तीन पायांचे पाहुणे येऊन गेले असणार. त्या रविवारी ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि मग मागे न बघता म्हणाले, "धाकट्या, त्याचा एखादा फोटो असेल तर दे मला."

नवरा लगेच आत निघाला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी देते. ड्रॉवरमध्ये दीडशे फोटो होते. दहा मिनिटं लावून मी एक शोधून काढला, ज्यात मुकादमाची फक्त पाठ दिसते, आणि तो भाऊजींच्या हातात ठेवला.